शिबिराचं पाणी: मुंबईहून गावात निवासी शिबिर नेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजनेचं) सात दिवसांचं विशेष शिबिर असो, मंडळाचं श्रमदान असो की शाळेचं निसर्ग शिबिर; मुंबईतून मुलं घेऊन शहापूर, मुरबाड, कर्जत, वाडा, जव्हारकडे जाणाऱ्या प्रत्येकाला हे प्रश्न पडतात. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे ६० माणसं आणि ७ दिवस धरले आहेत. तुमचा आकडा वेगळा असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

गावकरी तेच पाणी पितात, त्यांना काही होत नाही. मग आपणच एवढा बाऊ का करायचा?

त्यांना काही होत नाही, हे आधी तपासा. प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यातल्या जुलाबाच्या नोंदी विचारल्या की बहुतेक वेळा वेगळं उत्तर मिळतं. दुसरं म्हणजे, ज्या भागात हिपॅटायटिस ए सर्रास आढळतो तिथे तो बहुतेकांना लहानपणीच होऊन जातो, तेव्हा फारसा त्रासही होत नाही, आणि मग आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळते. मुंबईच्या सोसायटीत वाढलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला तो पहिल्यांदाच गाठतो, आणि त्या वयात कावीळ चांगलीच जड जाते. तिसरं कारण साधं आहे. घरात हंडा बिघडला तर पाच माणसं आजारी पडतात. शिबिरात ड्रम एकच असतो आणि तोंडं साठ.

एकूण किती पाणी लागतं?

पाण्याचे पहिल्या दिवसापासून दोन भाग करा: तोंडात जाणारं आणि न जाणारं. पहिल्यात पिण्याचं, स्वयंपाकाचं, चूळ भरायचं, दात घासायचं, कच्ची काकडी-कोथिंबीर धुवायचं आणि ताट-पेले शेवटचे विसळायचं पाणी येतं. श्रमदानाच्या दिवशी पिण्यालाच माणशी ४ ते ५ लिटर लागतं. बाकीचं धरून माणशी १० ते १२ लिटर. म्हणजे साठ जणांना रोज ६०० ते ७०० लिटर शुद्ध केलेलं पाणी हवं. अंघोळ, संडास, कपडे यांना माणशी आणखी ३० ते ३५ लिटर लागतं, त्यावर प्रक्रिया करायची गरज नाही.

बेरीज रोजची अडीच ते पावणेतीन हजार लिटर होते. जलजीवन मिशनचा ग्रामीण भागासाठीचा निकष माणशी रोज ५५ लिटर आहे, तेव्हा हा आकडा उधळपट्टीचा नाही. पण गावाची टाकी गावापुरतीच बांधलेली असते. पंचायतीला हा आकडा आधी सांगितला नाही तर तिसऱ्या दिवशी विहिरीवर बायकांची बोलणी खावी लागतात, आणि तो राग रास्तच असतो.

गावात आधी कोणाला भेटायचं?

तीन आठवडे आधी जा. ग्रामसेवकाला तर भेटालच, पण कामाचा माणूस म्हणजे जलसुरक्षक. ग्रामपंचायतीच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकण्याची जबाबदारी त्याच्याकडे असते, आणि मोटर किती वाजता सुरू होते, कुठली पाइपलाइन गटाराजवळून जाते, कुठे गळती आहे हे तो तोंडपाठ सांगतो. त्याच्याबरोबर उगमापासून तुमच्या मुक्कामाच्या नळापर्यंत एकदा चालत जा. विहिरीला कठडा आहे का, तिच्या १५ मीटरच्या आत शौचखड्डा, गोठा किंवा उकिरडा आहे का, हातपंपाचा ओटा फुटून सांडपाणी परत खाली झिरपतंय का, हे डोळ्यांनी बघा. त्यानंतर उपकेंद्रातले आरोग्यसेवक आणि आशाताई. शेवटची तपासणी कधी झाली आणि निकाल काय आला, हे त्यांना ठाऊक असतं.

लाल, पिवळं, हिरवं कार्ड म्हणजे काय?

महाराष्ट्रात पाण्याच्या स्रोतांचं स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर होतं. त्यावरून ग्रामपंचायतीला कार्ड मिळतं: लाल म्हणजे तीव्र जोखीम, पिवळं मध्यम, हिरवं सौम्य. सलग पाच वर्षं हिरवं टिकवलं तर चंदेरी. लाल कार्डाच्या गावात पाण्याची दुसरी सोय असल्याशिवाय शिबिर नेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. हिरवं कार्ड मात्र सर्वेक्षणाच्या दिवसाबद्दल बोलतं. परवा फुटलेली पाइपलाइन त्यात दिसत नाही.

कायदा काय सांगतो? शिबिराला पाण्यासाठी वेगळी परवानगी लागते का?

शिबिराच्या पाण्याचे सगळे नियम एका कागदावर सापडतील अशी अपेक्षा ठेवू नका. ते तुकड्यातुकड्यांत विखुरलेले आहेत. पाणी पिण्यालायक आहे की नाही हे भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ वरून ठरतं. पंचायतीची नळयोजना या मानकात बसली नाही म्हणून थेट दंड होतो असं नाही, पण सरकारी प्रयोगशाळा योग्य-अयोग्यचा शिक्का याच आकड्यांवर मारते. गावाला पाणी पुरवणं हे ग्रामपंचायतीचं काम, महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ नुसार. तुम्ही केटरर लावला तर त्याला २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी किंवा परवाना लागतो, आणि स्वयंपाकाचं पाणी पिण्यायोग्य असणं ही त्याची जबाबदारी ठरते. बाटलीबंद पाण्यालाही तोच कायदा लागू होतो.

उलट बाजूही लक्षात ठेवा. सार्वजनिक झरा किंवा पाणवठा घाण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २७९ खाली गुन्हा आहे. साठ जणांची साबणाची अंघोळ गावाच्या पाणवठ्यावर नको.

कागद म्हणून तीन गोष्टी फाइलला ठेवा: पाणी वापरायला ग्रामपंचायतीची लेखी संमती, प्रयोगशाळेचा अहवाल, आणि शिबिरात रोज भरलेली क्लोरीनची नोंदवही. काही घडलं तर तुम्ही काळजी घेतली होती हे पटवून द्यायला तिसरा कागद सगळ्यात जास्त उपयोगी पडतो.

तपासणी कुठे करायची आणि नमुना कसा घ्यायचा?

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा नाममात्र शुल्कात सामान्य लोकांचे नमुनेही तपासतात. दोन तपासण्या मागा, रासायनिक आणि जैविक. रासायनिकला स्वच्छ कॅनमध्ये १ ते २ लिटर पाणी पुरतं. जैविकसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा. पाण्यात आधीच क्लोरीन असेल तर तसं सांगा. ते निष्प्रभ करायला बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालून देतात. ही पूड कचरा समजून धुऊन टाकणारे महाभाग असतात. बाटली विसळायची नाही.

नळाची तोटी पुसा, धातूची असेल तर स्पिरिटच्या बोळ्याच्या ज्योतीने शेकून घ्या, दोन-तीन मिनिटं धार सोडा. मग झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरा, वर थोडी हवा राहू द्या. बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी, फार तर २४ तासांच्या आत पोहोचवा. शनिवारी दुपारी नमुना घेतला तर तो सोमवारी शिळाच पोहोचणार, म्हणून सोमवार-मंगळवार धरा.

गावात झटपट अंदाजासाठी एचटूएस बाटली मिळते. क्लोरीन न टाकलेलं पाणी खुणेपर्यंत भरायचं, ३० ते ३७ अंशांच्या उबेत २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर पाणी दूषित. डिसेंबरात जव्हार-मोखाड्याकडे रात्री गारठा असतो. बाटली खिडकीत ठेवली तर रंग यायला उशीर होतो आणि लोक पाणी चांगलं आहे असं समजतात. गोधडीत गुंडाळून ठेवा.

अहवालातले कुठले आकडे बघायचे?

आधी ई. कोलाय किंवा उष्णतासह कोलिफॉर्म, म्हणजे मैल्यातून येणारे जंतू. १०० मिलिलिटरमध्ये एकही असता कामा नये, इथे सूट नाही. मग गढूळपणा: १ एनटीयूपर्यंत उत्तम, दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालतो. पीएच ६.५ ते ८.५. नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा जास्त असेल तर विहिरीत खत किंवा मैला झिरपतोय असं समजा. फ्लोराइड १, नाइलाजाने १.५ मिलिग्रॅम.

विरघळलेल्या क्षारांचा, म्हणजे टीडीएसचा आकडा लोक आधी बघतात कारण तो खिशातल्या पेनासारख्या मीटरवर दिसतो. ५०० पर्यंत चांगला, पर्याय नसेल तर २००० पर्यंत मान्य. पण टीडीएस जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. कोकणातल्या ओढ्याचा टीडीएस १०० च्या आत असू शकतो आणि त्याच ओढ्यात वर म्हशी बसलेल्या असू शकतात.

टीसीएल नेमकं किती टाकायचं?

गावोगाव सांगितलं जाणारं माप आहे हजार लिटरला ५ ग्रॅम. सुरुवात म्हणून ठीक आहे, पण डोळे झाकून वापरू नका, कारण दोन गोष्टी बदलत असतात. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतं. पंचायतीच्या कोपऱ्यात तोंड उघडं पडलेल्या पोत्यात ते २० टक्क्यांच्याही खाली गेलेलं असतं. खडे झालेली, ओलसर, वास न येणारी पावडर म्हणजे नुसता चुना. शिवाय पाणीही स्वतःकडे क्लोरीन खेचतं. पाचोळा, शेवाळ, माती जितकी जास्त तितकं आधी त्यांच्यावरच खर्च होतं, आणि उरेल तेच जंतूंच्या वाट्याला येतं.

म्हणून तीन बादल्यांची पद्धत वापरा. पहिल्या दिवशी तास-सव्वा तास लागतो, नंतर दहा मिनिटांचं काम.

आधी मूळ द्रावण करा. प्लास्टिकच्या मगात ४० ग्रॅम टीसीएल थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, पाणी घालून १ लिटर करा, १५-२० मिनिटं निवळू द्या. खाली पांढरा चुना बसतो. वरचं नितळ पाणी अपारदर्शक कॅनमध्ये काढून घ्या. पावडर २५ टक्क्यांची असेल तर हे साधारण १ टक्का क्लोरीनचं द्रावण झालं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम. स्टीलचं किंवा पितळेचं भांडं घेऊ नका, चरे पडतात. कॅनवर मोठ्या अक्षरांत लिहा, आणि रोज ताजं करा.

आता २० लिटरच्या तीन बादल्या त्याच स्रोताच्या पाण्याने भरा. मेडिकलमधून ५ मिलिलिटरची सिरिंज आणा, सुई नको. पहिल्या बादलीत २ मिलिलिटर, दुसरीत ४, तिसरीत ६ टाका. म्हणजे लिटरला १, २ आणि ३ मिलिग्रॅम क्लोरीन झालं. ढवळा, झाका, घड्याळ लावून ३० मिनिटं थांबा. मग तिन्हींची ओटी टेस्ट (क्लोरीन मोजायची चाचणी, पुढच्या प्रश्नात सांगितली आहे) करा. ज्या सगळ्यात कमी मात्रेत ०.५ मिलिग्रॅम शिल्लक क्लोरीन दिसतं ती तुमची मात्रा. समजा दुसरी बादली निघाली. मग २०० लिटरच्या ड्रमला ४० मिलिलिटर आणि हजार लिटरच्या टाकीला २०० मिलिलिटर. पावडर जुनी असली तरी हरकत नाही, तिचा कमकुवतपणा या चाचणीत आपोआप धरला जातो. तिन्हीत काहीच रंग आला नाही तर पाणी फार घाण आहे किंवा पावडर मेलेली आहे. नवी पिशवी आणून पुन्हा करा. तरीही तेच झालं तर स्रोत बदला.

आरोग्य केंद्रात हॉरॉक्सचा संच असेल तर तोही चालेल. सहा पांढरे कप, एक काळा, २ ग्रॅमचा चमचा. काळ्या कपात पावडरीचं द्रावण करायचं, पांढऱ्या कपांतल्या पाण्यात त्याचे अनुक्रमे १ ते ६ थेंब टाकून अर्ध्या तासाने स्टार्च-आयोडाइडने निळा रंग आणणारा पहिला कप शोधायचा. तो तिसरा असेल तर ४५५ लिटरला ३ चमचे पावडर.

ओटी टेस्ट कशी वाचायची? सगळ्यांना पिवळाच दिसतो.

पिवळ्या-पिवळ्यात फरक असतो. नळीत खुणेपर्यंत पाणी घ्या, किटवर लिहिलेले तेवढे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाका, नळी उलटीपालटी करा आणि दहा सेकंदांच्या आत, सावलीतल्या उजेडात, मागे पांढरा कागद धरून रंगाच्या तबकडीशी ताडून बघा. हे झालं मोकळं क्लोरीन, म्हणजे खरं काम करणारं. पाच-दहा मिनिटांनी बघितलं तर रंग गडद दिसतो, कारण अमोनियाशी बांधलं गेलेलं आळशी क्लोरीनही त्यात मोजलं जातं. लगेच फिकट आणि नंतर गडद होत असेल तर पाण्यात सांडपाणी मिसळत असल्याची शंका घ्या. लिंबाच्या सालीचा रंग हवा. नारिंगी झालं तर मात्रा फार झाली.

मानकानुसार शिल्लक क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर, आणि विषाणूंपासून बचाव हवा असेल तर ०.५. शिबिरासाठी टाकीत ०.५ आणि पेल्यात ०.२ धरून चला. पेल्यात म्हणजे खरोखर पेल्यात: मुलं जिथून पाणी घेतात त्या ड्रमच्या तोटीचं मोजा, टाकीचं मोजून समाधान मानू नका. सकाळी ७ आणि दुपारी ३, दोनदा. ऑर्थोटोलिडिन विषारी आहे, चाचणीचं पाणी ड्रममध्ये परत ओतू नका. पैसे असतील तर गुलाबी रंग देणारं डीपीडी किट घ्या, ते जास्त भरवशाचं.

पाणी गढूळ असेल तर?

आधी तुरटी, मग टीसीएल. क्रम उलटा करू नका. २०० लिटरला ५ ते १० ग्रॅम तुरटीची पूड थोड्या पाण्यात विरघळवून टाका, मिनिटभर जोरात, मग पाच मिनिटं हळूहळू ढवळा, आणि दोन-तीन तास हात लावू नका. वरचं पाणी चौपदरी सुती कापडातून दुसऱ्या ड्रममध्ये घ्या. तुरटीने पाणी स्वच्छ दिसतं, जंतू मरत नाहीत.

मुलं म्हणतात क्लोरीनचा वास येतो, आणि पाणीच पीत नाहीत.

तक्रार खरी असते आणि परिणाम वाईट: उन्हात खड्डे खणताना कमी पाणी पिऊन चक्कर येते. रात्री मात्रा टाकून पाणी सकाळसाठी ठेवलं तर वास बराच उतरतो. मात्र लिंबू, सरबताची पूड, कोकम यातलं काहीही अर्धा तास पुरा झाल्याशिवाय घालू नका. क जीवनसत्त्व क्लोरीनला लगेच मारतं, आणि जंतू मजेत राहतात. सरबत पातेल्यात वेगळं करा, ड्रममध्ये नको.

सरळ उकळलं तर?

खळाखळा उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. उंचावर, २००० मीटरच्या पुढे, तीन मिनिटं सांगतात. पण आपलं कळसूबाईच १६४६ मीटर आहे, तेव्हा महाराष्ट्रात कुठेही एक मिनिटच. वीस-वीस मिनिटं उकळण्यात नुसता गॅस जातो. क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियमसारख्या परजीवींसाठी उकळण्याइतका खात्रीचा उपाय नाही.

अडचण इंधनाची आणि गार होण्याची. एक लिटर पाण्याला चांगल्या शेगडीवर साधारण ११ ग्रॅम गॅस लागतो. रोज २४० लिटर फक्त पिण्याचं धरलं तर सात दिवसांत १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर नुसत्या पाण्यावर, आणि उघड्यावर वारा असेल तर दीड ते दोन. ५० लिटरचा टोप गार व्हायला अख्खी रात्र घेतो. आणि उकळलेल्या पाण्याला पुढचं संरक्षण नसतं. एक खरकटा पेला बुडला की सगळं मुसळ केरात. आजारी मुलं आणि ओआरएस यांच्यासाठी उकळा, बाकीच्यांसाठी क्लोरीन.

२० लिटरचे जार मागवले की प्रश्न मिटला ना?

पिण्यापुरता मिटतो. माणशी ५ लिटर म्हणजे रोज १५ जार, सात दिवसांत १०५. तेवढे गावच्या रस्त्यावरून वेळेवर येतील का बघा; आणि स्वयंपाकघराला नळाचंच पाणी राहिलं तर कोशिंबीर घात करते. जार घेताना तोंडावरचं सील, उत्पादनाची तारीख, बॅच आणि एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक बघा. आयएस १४५४३ लिहिलेला आयएसआय शिक्का असेल तर अधिक चांगलं. लग्नात दिसतात ते तोटीचे, सील नसलेले थंड पाण्याचे जार हे बाटलीबंद पाणी नव्हे. ते कुठल्या बोअरचं आहे हे फक्त भरणाऱ्यालाच ठाऊक.

त्यापेक्षा मुंबईचंच पाणी कॅन भरून न्यावं का?

एका दिवसाच्या सहलीला न्या. सात दिवसांना हे परवडत नाही, आणि टेम्पोत उन्हात तापलेल्या कॅनमधलं क्लोरीन उडून जातं, म्हणजे तिथे पुन्हा मोजणं आलंच. गंमत अशी की ज्या शहापूर तालुक्यात तुम्ही कॅन घेऊन जाणार, तिथल्याच तानसा आणि भातसातून ते पाणी मुंबईला आलेलं असतं. उन्हाळ्यात त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात. मार्च ते मे शिबिर ठेवणाऱ्यांनी हे डोक्यात ठेवावं.

टँकरचं पाणी?

कुठल्या विहिरीवर भरला ते चालकाला विचारा, झाकण उघडून आत बघा, पाइपचं तोंड जमिनीवर घासत आलंय का ते पाहा. टाकीत उतरवल्यावर ओटी टेस्ट करा. क्लोरीन असलं तर छान, नसलं तर कच्चं पाणी समजून पूर्ण मात्रा द्या. १०,००० लिटरच्या टँकरला वरच्या उदाहरणातल्या मात्रेने २ लिटर मूळ द्रावण लागेल.

शाळेत आरओ मशिन आहे. ते पुरेल?

बहुधा नाही. आरओ क्षार काढतं, सोबत क्लोरीनही काढतं, त्यामुळे त्यातून निघून ड्रममध्ये साठलेलं पाणी उघडं पडतं. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे कोणालाच सांगता येत नाही, आणि वीज गेली की सगळं ठप्प. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता भागात गुलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा महापालिकेने खासगी आरओ केंद्रांवरही कारवाई केली होती. आरओची पाटी दिसली की विश्वास टाकायचा, असं होत नाही. यूव्हीचा दिवा गढूळ पाण्यात फोल.

टाकी कधी आणि कशी धुवायची?

मुलं पोहोचण्याच्या आदल्या दिवशी. रिकामी करा, तळाचा गाळ काढा, नायलॉनच्या ब्रशने घासा, साबण नको. पाणी मुबलक असेल तर हजार लिटरला २५ टक्क्यांची २०० ग्रॅम टीसीएल घालून टाकी रात्रभर भरलेली ठेवा, सकाळी सगळे नळ सोडून रिकामी करा. पाण्याची टंचाई असेल तर १० लिटर पाण्यात ८ ग्रॅम पावडरीचं द्रावण करून आतल्या भिंतींना पुसा, अर्धा तास ओलं राहू द्या, विसळून टाका. आत उतरणाऱ्याला हातमोजे आणि चष्मा द्या, बाहेर एक माणूस उभा ठेवा. जवळ संडास धुवायचं अ‍ॅसिड असेल तर लांब न्या. टीसीएल आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, आणि टाकीच्या आत तो जीवघेणा ठरतो.

ट्रेकला किल्ल्यावरच्या टाक्याचं पाणी पिऊ का?

आधी गाळा, मग उकळा किंवा क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. गार पाण्यात एक तास.

सगळं करूनही पोटं बिघडतात. चुकतं कुठे?

ड्रम आणि तोंड यांच्या मधल्या दोन हातांत. चित्र नेहमीचं आहे: निळा ड्रम, झाकण अर्धवट, वर उपडा ठेवलेला एकच पेला. खणून आलेला मुलगा मातीच्या हाताने तो पेला मनगटापर्यंत आत बुडवतो. तोटी बसवलेला ड्रम वापरा, तो विटांवर उंच ठेवा, आणि तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं टांगून ठेवा, जे ड्रमच्या आत ठेवायचं नाही. स्वतःची बाटली भरताना तिचं तोंड तोटीला चिकटवू देऊ नका. हात धुवायला साबण संडासाच्या दारातच हवा. दहा पावलं लांब ठेवलेल्या साबणाकडे कोणी जात नाही.

आणि पाण्याचं काम एकालाच नेमून द्या. रोज नवा गट ठेवला की एके दिवशी दोनदा टीसीएल पडतं आणि दुसऱ्या दिवशी एकदाही नाही.

दोन-तीन जणांना एकदम जुलाब लागले तर?

चोवीस तासांत तिघांना झाले की योगायोग मानू नका. वापरातला ड्रम बाजूला काढा, पण ओतून देऊ नका. तपासणीसाठी त्यातला नमुना लागेल. सगळ्यांना जार किंवा उकळलेल्या पाण्यावर आणा. लगेच ओआरएस सुरू करा: मोठं पाकीट १ लिटर पाण्यात, अर्धं पाकीट अर्ध्या लिटरात असला अंदाजपंचे हिशेब नको, आणि २४ तासांनी उरलेलं टाकून द्या. भाताच्या पेजेसारखे पांढरट पातळ जुलाब, शौचात रक्त, खूप ताप, लघवी बंद होणं किंवा झापड येणं यातलं काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा. प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी कळवा. बदनामीच्या भीतीने गप्प राहून मुलांना गुपचूप मुंबईला पाठवणं सगळ्यात वाईट, कारण मग त्याच विहिरीवरचं गाव अंधारात राहतं. कोणी काय खाल्लं, कुठलं पाणी प्यायलं, कधी त्रास सुरू झाला याची यादी लगेच करा. दोन दिवसांनी कोणालाच काही आठवत नाही.

शिबिर संपलं, सगळे ठणठणीत परतले. फाइल बंद करायची का?

दोन महिने नको. कॉलरा काही तासांपासून पाच दिवसांत दिसतो, पण टायफॉइडला सहसा एक ते तीन आठवडे लागतात आणि हिपॅटायटिस ए ला १५ ते ५० दिवस. जानेवारीतल्या शिबिराची कावीळ फेब्रुवारीच्या अखेरीस निघते, आणि दादर-डोंबिवलीतला डॉक्टर वडापावच्या गाडीला दोष देतो. मुलांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप ठेवा: या मुदतीत ताप किंवा कावीळ झाली तर डॉक्टरांना शिबिराचं गाव आणि तारखा सांगा, आणि आम्हालाही कळवा. दुसरा रुग्ण निघाला तर गावच्या आरोग्य केंद्राला फोन करा.

उरलेल्या टीसीएलचं काय करायचं?

पिशवी घट्ट बांधून, उघडल्याची तारीख लिहून जलसुरक्षकाकडे द्या. मुंबईला परत आणू नका. बंद गाडीत, सामानाखाली, उन्हात ती ठेवणं धोक्याचं आहे. मूळ द्रावण उरलं असेल तर भरपूर पाणी मिसळून संडासात ओता. ओढ्यात नको, मासे मरतात.